एका खुर्चीच्या चार

आमच्या दौंडच्या घराला अंगण नव्हतं, पण मागच्या बाजूला अंगणाचं काम करणारी एक जागा होती. भोवती रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचं कुंपण, वर गंजके पत्रे आणि खाली लाकडाचा भुसा इतका, की अनवाणी चाललं तर पाय गोधडीवर पडल्यासारखा वाटायचा. तिथं माझे वडील, आप्पा, बसायचे. उजाडल्यापासून पटाशीवर पडणाऱ्या त्यांच्या लाकडी मोगरीचा आवाज सुरू व्हायचा, टक, टक-टक. पलीकडं यार्डात डबे जोडताना धडाका झाला की तेवढ्यापुरती मोगरी थांबायची, कारण जमीन हादरायची आणि पटाशी घसरायची भीती. डबे शांत झाले की पुन्हा टक-टक. मी या दोन आवाजांच्या मधल्या फटीत शिकले. आता शिक्रापूरला चौथ्या मजल्यावर राहते, खाली हायवेला ट्रकांची रांग असते, सून म्हणते, आई तुम्हाला या गोंगाटात पुस्तक कसं वाचवतं. तिला काय सांगू, मला शांततेतच वाचता येत नाही.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी मिरवते आणि मिरवणार. पण माझ्याही आधी आमच्या घरात एक पहिलेपण येऊन गेलं होतं, आणि ते आप्पांचं होतं. आप्पा आमच्या घराण्यातले पहिले सुतार. ज्यांना यात विशेष काय असं वाटेल, त्यांना सांगते. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूला आमचं गाव. तिथं माझ्या आज्याला गावच्या सुतारानं वाकसाला हात लावू दिला नसता. लाकूड फोडायचं आमच्यांनी, घडवायचं त्यांनी. आप्पा पोटासाठी दौंडला आले, रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या शेडमध्ये हमालीला लागले, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली पटाशी धरायला शिकले. त्या मिस्त्रीनं साहेबांच्या बंगल्यांतली नक्षी जन्मभर दुरुस्त केलेली. त्यानं आप्पांना द्राक्षाचं पान, वाघाचा पंजा, राघू, कमळ सगळं दिलं आणि मरून गेला. पुढं शेडमधलं लाकूडकाम कमी होऊन लोखंड आलं, तसे आप्पा घरी बसून नक्षी करू लागले. भिंतीवर दोन फोटो होते, आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात असतात तेच दोन. त्यांच्या चौकटी आप्पांनी केलेल्या. वस्तीत लोक विहाराच्या दारावरची त्यांची कमळं पाहुण्यांना दाखवायचे. पण गावाकडच्या सुतारानं एकदा बाजारात म्हटलेलं वाक्य आप्पांच्या मनातून गेलं नव्हतं. "ह्यांच्यातली नक्षी म्हंजी कोंबडीनं पाय उमटवल्याली." ते वाक्य आप्पा स्वतःच हसत सांगायचे, आणि सांगून झालं की मोगरी जरा जोरात मारायचे.

नक्षीला गिऱ्हाईक एकच होतं, भरतशेठ. पुण्याहून टेंपो घेऊन यायचे. साहेबांच्या काळातलं काळ्या शिसवीचं सामान, नक्षीच्या खुर्च्या, साइडबोर्ड, पलंग, ते कुठून कुठून गोळा करायचे आणि मोडलेलं आमच्याकडं टाकायचे. त्यांचा खरा धंदा आम्हाला हळूहळू कळला. खरी जुनी एक खुर्ची घ्यायची, ती सोडवायची आणि तिच्या चार करायच्या. एकीला जुनी पाठ, एकीला जुने हात, एकीला जुने पुढचे पाय, एकीला बैठकीची चौकट, बाकी सगळं नवं. घेणारा पारखी असला तरी कुठंतरी खरं जुनं लाकूड त्याच्या हाताला लागतंच, आणि त्यावरून तो उरलेल्यावर विश्वास ठेवतो. नवं लाकूड काळं करायला गंजक्या खिळ्यांचं आंबवलेलं पाणी लागायचं. त्या माठाचा वास आमच्या भाकरीला यायचा. खुर्चीचे हात झिजलेले दिसावेत म्हणून आई आणि मी तेल आणि राख तळहाताला लावून ते तासन्‌तास चोळायचो. तोंडानं माझं पाठांतर चालायचं आणि आईचं बोलणं. आई म्हणायची, "दुनिया जुनं टाकून नवं घेती. आन् आमचा धनी नवं आणून म्हातारं करतोय. सुजे, अजून चोळ, अजून साठ वर्सं व्हायची हायती हिला."

आयरीन आंटी रेल्वे कॉलनीच्या टोकाला, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. नवरा मेल गाडीचा ड्रायव्हर होता, तो गेलेला. मुलगी लग्न करून ऑस्ट्रेलियाला, ती दरवर्षी आईला बोलावणार होती आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना इंग्रजीला घाबरून रडायचे, तेव्हा आमच्या आईनं, जी त्यांच्याकडं पूर्वी भांडी घासायला होती, त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, "बाई, माझ्या पोरीला तुमची भाषा शिकवा." आंटींनी शिकवली. फी घेतली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, म्हणून त्या पुस्तक हातात घ्यायच्या नाहीत. मी वाचायचं आणि चुकले की त्यांनी काठी आपटायची. शनिवारी पिवळा भात आणि खिम्याच्या गोळ्यांचं कालवण मिळायचं, त्यात नारळाचं दूध. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा गोडसर लागलं म्हणून घशाखाली उतरेना. पुढं शनिवारची वाट बघायला लागले. आजही तो भात मी करते, पण तसा होत नाही. नातवंडं खातात बिचारी.

त्यांच्या खोलीत एकच देखणी वस्तू होती, ती खुर्ची. उंच पाठीची, काळ्याभोर शिसवीची. पाठीवर द्राक्षवेल, आणि वेलीवर समोरासमोर बसलेले दोन राघू. आंटी तिच्यातच बसायच्या, तिथूनच शिकवायच्या. त्या खुर्चीचा मागचा एक पाय सैल झाला आणि वेताची बैठक फाटली, म्हणून मीच म्हटलं, आप्पा करून देतील. मीच म्हटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांनी मागितलं नव्हतं.

खुर्ची आमच्याकडं आली त्याच आठवड्यात शेठचा टेंपो आला. शेठ तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले, उकिडवे बसले, बैठकीच्या खालून हात फिरवला.

"मिस्तरी, ही कुणाची?"

"कॉलनीतल्या बाईंची. पाय तेवढा बसवायचाय."

"पाय कसला बसवताय? हिच्या चार होतील. बाईला दुसरी करून द्या, जशीच्या तशी. डोळ्यानं दिसतं का तिला?"

मी दारात उभी होते. मी 'दिसत नाही' असं म्हटलं. सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं, एवढाच त्या वेळी माझा समज होता.

"मग झालं तर," शेठ म्हणाले. "वर्षभराचं काम तुमच्याकडं ठेवतो. नाहीतर सहारनपूरची नक्षीवाली पोरं आलीयत आता पुण्यात, दिवसरात्र करतात. तुमचं वयपण होत चाललं, मिस्तरी."

शेठ गेल्यावर आई म्हणाली, "आंधळ्या बाईची खुर्ची!" आप्पा म्हणाले, "तिला खुर्चीच मिळणारेय ना? मोडकी दिली, धड मिळंल." खुर्ची सोडवून भुशावर मांडली गेली, एकेक भाग, उलट्या बाजूवर खडूनं खूण करून. सोडवलेली खुर्ची खुर्चीसारखी दिसतच नाही. हाडं दिसतात नुसती.

आप्पांनी त्या कामाला जीव लावला. मी त्यांना इतकं रमलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाठीची जुनी फळी समोर उभी करून, बोटांनी वाचल्यासारखी वाचून ते नव्या शिसवीत एकेक द्राक्ष उतरवत होते. एक दिवस मला हाक मारली.

"सुजे, हिकडं ये. बघ ह्यो डावा राघू."

डाव्या राघूची चोच आखूड होती, खाली मुडपलेली, छातीत खुपसल्यासारखी. उजव्याची मात्र लांब, डौलदार बाकाची.

"मोडल्याली हाय घडवणाऱ्याच्या हातनं," आप्पा म्हणाले. "पटाशी घसरली, चोच उडाली. मग राहिलेल्या लाकडात त्यानं हे भागवून घेतलं. शंभर वर्सांमागं घसरली आसंल, पर कळतं."

मला ते ऐकून फार गंमत वाटली. केवढा जुना कारागीर, आणि माझ्या बापानं त्याची चूक पकडली. दोन दिवसांनी नवी फळी तयार झाली, तिच्यावर दोन्ही राघूंच्या चोची लांब, बाकदार, एकमेकींना शोभणाऱ्या. मी म्हटलं, "आप्पा, हेच चांगलं दिसतं." त्या दिवशी जेवताना आप्पांनी आईकडून सुक्या बोंबलाची चटणी दोनदा मागून घेतली.

खुर्ची आम्ही हातगाडीवरून नेली. फाटकापाशी मालगाडीसाठी थांबलो, तेव्हा आप्पांनी गळ्यातला पंचा काढून पुन्हा एकदा पाठ पुसली. आंटींच्या दाराशी ते बाहेरच थांबले, नेहमीसारखे. मी आणि शेजारच्या एका गँगमननं खुर्ची आत ठेवली. आंटी काठी टेकत आल्या, बसल्या. हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. तेल आणि राख लावून चोळलेले ते हात त्यांना ओळखीचे वाटले असावेत, कारण त्या हसल्या. मग त्यांनी डावा हात खांद्यावरून मागं नेला. रोजची सवय असल्यासारखा तो हात सरळ डाव्या राघूवर गेला आणि चोचीवर थांबला. बोट एकदा चोचीच्या टोकापर्यंत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.

त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "सुजाता, ही माझीच खुर्ची आहे का?"

मी इंग्रजीत उत्तर दिलं, "हो आंटी, तुमचीच आहे. माझ्या वडिलांनी चोच दुरुस्त केली आहे." पूर्ण वाक्य, काळ बरोबर, कर्ता-क्रियापद जागच्या जागी. असं वाक्य मला आधी कधी एका दमात जमलं नव्हतं.

आंटींनी हात चोचीवरून काढून मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "माझा नवरा त्या राघूला माझ्या नावानं हाक मारायचा. म्हणायचा, बघ, आयरीन रुसून बसलीय." आणि नंतर, अगदी रोज म्हणायच्या त्याच आवाजात, "व्हेरी गुड इंग्लिश."

परत येताना आप्पांनी विचारलं, "काय म्हणली?" मी म्हटलं, "चांगली झाली म्हणाली." आप्पा खूश झाले. पुढचा अख्खा रस्ता ते हातगाडी एकटेच ढकलत होते, मला हात लावू देत नव्हते.

मी इतक्या वर्षांत पुष्कळांना पुष्कळ खोटं बोलले असेन. नोकरी केली, संसार केला, खोटं बोलल्याशिवाय दोन्ही होत नाही. पण ते वाक्य मला अजून शब्दांच्या क्रमासकट पाठ आहे.

पुढच्या शनिवारी गेले तर आंटी दारातच म्हणाल्या, की डोळे फार दुखतात, आता शिकवणं होणार नाही. आतून भाताचा वास येत होता. त्याच्या पुढच्या शनिवारी गेलेच नाही. आईनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी रडून सगळं सांगितलं. आप्पा मागच्या बाजूला काम करत होते. मोगरी थांबली. त्या वेळी यार्डात डबे जोडत नव्हते.

आप्पा आत आले आणि उंबऱ्यावर बसले. "चोचीवरनं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"म्या का केली चोच," ते म्हणाले. मला नाही, आईलाही नाही. "जशीच्या तशी म्हणला व्हता शेठ. सगळं उतरीवलं, पर ती मोडकी चोच काय हातानं व्हईना. उद्या कुणी बघितलं आसतं तर त्यो त्या जुन्या कारागिराची चूक म्हणला नसता. म्हणला आसता, ह्येंच्यात कुठनं येतीय नक्षी. कोंबडीचे पाय."

त्या क्षणी जुनी पाठ आमच्याच घरात होती. हे नीट सांगायला हवं. चारांतल्या दोन खुर्च्या तयार होऊन चादरीखाली उभ्या होत्या, त्यातल्या एकीला ती पाठ बसवलेली होती, रुसलेल्या राघूसकट. खुंट्या ठोकलेल्या, सरस वाळलेला, पण आप्पांनी मनात आणलं असतं तर एका दुपारीत ती निघाली असती. आम्ही मागं गेलो, आप्पांनी चादर काढली. दोन्ही हातांनी पाठ धरून बघितली, नुसती धरून.

आई म्हणाली, "काढताव का?"

"काढली तर शेठला काय दाखवू?"

"आन् न्हाई काढली तर त्या बाईला काय दाखीवशीला?"

"मग तू सांग. सांग की. वर्साचं काम जाऊ दे म्हण, पोरीचं कॉलेज ऱ्हाऊ दे म्हण. तू म्हण, म्या आत्ता काढतो."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी पायाखालच्या भुशाकडं बघितलं. मी 'काढा' म्हणाले असते तर त्यांनी काढली असती, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. माझी परीक्षा सहा आठवड्यांवर होती. आई चुलीकडं गेली. आप्पांनी चादर परत टाकली, आणि मेलेल्या माणसाची खोचतात तशी चारी बाजूंनी खोचली. चार दिवसांनी टेंपो आला आणि गेला.

टेंपो गेल्यावर आप्पा आंटींकडं गेले. आधी जायला हवं होतं, पण आधी गेले असते तर हातात काहीतरी न्यावं लागलं असतं. मला बरोबर घेतलं. या वेळी आंटींनी त्यांना आत बोलावलं. आप्पा त्या घरात पहिल्यांदाच आत गेले. आंटी त्याच खुर्चीत बसल्या होत्या, दुसरी धड खुर्ची त्या घरात नव्हतीच.

"मिस्तरी," त्या रेल्वेच्या हिंदीत म्हणाल्या, "मेरा कुर्सी किधर है?"

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "एक का चार हो गया, मेमसाब."

आंटींनी ते दोन-तीन वेळा पुटपुटल्यासारखं केलं. "चार हो गया." मग म्हणाल्या, "चारों अच्छा बना?"

आप्पांना इथं खाली बघून गप्प बसता आलं असतं. कुणीही बसला असता. पण तो प्रश्न त्यांच्या हाताला विचारलेला होता, आणि त्या हाताला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणजे तोंडानं बोलायची नव्हती. "हां मेमसाब," ते म्हणाले, "अच्छा बना."

"गुड," आंटी म्हणाल्या. "अब जाओ."

एवढंच झालं. शिव्या दिल्या असत्या, पोलिसांत जाईन म्हणाल्या असत्या, तर आम्हाला घरी येऊन त्यावर बोलता तरी आलं असतं. पुढच्या वर्षी त्यांना कुठल्याशा आश्रमात हलवलं. ऑस्ट्रेलियाचं काही झालं नाही. मी भेटायला गेले नाही, पत्ताही विचारला नाही. लोकांना वाटतं, पश्चात्ताप झालेला माणूस एक दिवस धावत जातो. मी पदवी घेतली, इंग्रजी विषयात पहिली आले, कॉलेजच्या फळ्यावर माझं नाव लागलं. गावाहून चुलते आले, त्यांनी हार घातला. आंटींना कळवावं असं पुष्कळदा मनात आलं, आणि प्रत्येक वेळी पहिलं वाक्य काय लिहायचं तिथंच अडलं.

आता हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात नवरा-नवरीला बसायला तसल्या काळ्या नक्षीच्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. लग्नाला गेले की मी हार-तुरे चुकवून मागं जाते आणि पाठीवरून हात फिरवते. सगळ्या मशीनवर कापलेल्या असतात, सगळे राघू एकसारखे. नवरीची आई मला विचारते, काही हरवलं का मावशी. मी म्हणते, नाही.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. आंटींकडून आल्यानंतर आठवड्याभरानं टेंपो पुन्हा आला. एक मोठा साइडबोर्ड होता, वर द्राक्षाचे घड, कडेनं पानं, खाली वाघाचे पंजे. शेठ म्हणाले, याच्या दोन होतील. आप्पा हो म्हणाले. ते नाही म्हणतील असं मला क्षणभर वाटलं होतं. का वाटलं कोण जाणे. शेठ गेल्यावर आप्पांनी हात धुतले, मला म्हणाले, "वही घे तुझी. आन् पेन. ह्या खेपंला चुकाबी जशाच्या तशा उतरायच्या."

मी कॉलेजची वही घेऊन भुशात बसले. आप्पांनी डोळे मिटले आणि डाव्या टोकापासून साइडबोर्डवर बोटं फिरवायला सुरुवात केली, अगदी सावकाश, जिथं बोट अडखळेल तिथं थांबून.

"लिही. डावीकडनं तिसरं पान, टोक बसकं. लिहिलं? वरच्या घडात एक द्राक्ष चपटं. त्याच्या खालची शीर वाकडी गेल्याली. वाघाच्या उजव्या पंजाला नख कमी, चारच हायती."

मी लिहीत गेले. साइडबोर्ड घडवणाऱ्या जुन्या कारागिराची प्रत्येक घसरलेली पटाशी, प्रत्येक भागवून घेतलेलं लाकूड, माझ्या वळणदार अक्षरात, समास सोडून. सबंध पान भरलं, मागचं अर्धं भरलं. आमच्या घरात शिकलेल्या हातानं केलेलं ते पहिलं काम. आईनं चहा आणून ठेवला, तो निवला तरी आमचं चाललंच होतं. शेवटच्या पंजापाशी आप्पांनी डोळे उघडले आणि वही मागितली. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी वही उजेडाकडं धरली, ओळींवरून बोट फिरवलं, लाकडावरून फिरवायचे तसंच.

"चुकली न्हाईस ना कुठं?"

"न्हाई आप्पा," मी म्हटलं.